एका दिवसाचे पाहुणे : चिखलदऱ्याची सहल आणि एक ड्रम पाणी



नववीच्या वर्गात भूमध्य समुद्राकडचं हवामान शिकवत होतो. फळ्यावर नकाशा काढला. सिसिली, क्रीट, सायप्रस, माल्टा ही बेटं दाखवली. 'उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात' हे वाक्य सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिथं लोकं फिराले जातात म्हणे. एका दिवसात बेटावर करतात तरी काय?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, आपण चिखलदऱ्याले जाऊन करतो तेच! पाहतात, खातात, फोटो काढतात अन् संध्याकाळी परत निघतात."

उत्तर दिलं खरं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहलीत शिकायला मिळालं, तेही माझ्याच चुकीमुळे. आजचा पाठ त्याविषयी आहे. 'मी केलेली सहल' हा निबंध तुम्ही दरवर्षी लिहिता. "आम्ही पहाटे निघालो, खूप मजा केली, संध्याकाळी दमून घरी आलो" असं लिहून मोकळे होता. या वेळी जरा वेगळ्या नजरेनं सहलीला जाऊ या.

वऱ्हाडातलं बेट

आपल्या अमरावती-अकोल्याच्या आसपास समुद्र नाही, मग बेट कुठून असणार? पण नकाशा उघडा. मधोमध पूर्णा नदीचं सपाट, काळ्या मातीचं खोरं. कपाशी, तूर, सोयाबीन, नजर जाईल तिथवर शेतंच शेतं. या सपाटीच्या उत्तरेला एकदम भिंतीसारखे डोंगर उभे राहतात. ते सातपुड्याचे गाविलगडचे डोंगर. त्यांच्या माथ्यावर सुमारे १,११८ मीटर उंचीवर चिखलदरा आहे. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण. खालच्या उन्हाच्या समुद्रातून वर डोकं काढलेलं बेटच म्हणा ना!

ते थंड का असतं, हे भूगोलात तुम्ही शिकला आहात. उंची दर १,००० मीटरनं वाढली की तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर आहे. फरक झाला सुमारे ८४० मीटरचा. गुणाकार करून पाहा, साधारण साडेपाच अंश येतात. म्हणजे अकोल्यात पारा ४४ वर असेल, तर वर ३८-३९ असणार. त्यात झाडी आणि वारा असला की आणखी बरं वाटतं. पाऊसही अकोल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. महाराष्ट्रात कॉफी पिकते अशी ठिकाणं फार थोडी आहेत, त्यांतलं हे एक.

नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे राहिले होते. तिथं भीमानं कीचकाला मारलं आणि या दरीत फेकलं, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचं पुढं 'चिखलदरा' झालं, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर भीमानं जिथं हात धुतले, ते भीमकुंड. पावसाळ्यात तिथल्या चिखलातून चालून आलेला माणूस म्हणेल, "नावासाठी कीचक कायले पाह्यजे, चिखल काय कमी हाय?" आख्यायिका वेगळी आणि इतिहास वेगळा. निबंधात दोन्ही लिहा, पण कोणतं काय आहे ते सांगून लिहा.

सकाळ : गाविलगड

अमरावतीहून परतवाडामार्गे गेलं तर गाडीनं दोन-अडीच तास लागतात. अकोल्याकडून येणारे अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला येतात. पहाटे निघालात तर ऊन तापायच्या आत गाविलगड पाहून होतो. गड चिखलदऱ्याला लागूनच आहे. गवळ्यांच्या वस्तीवरून त्याला नाव पडलं असं म्हणतात. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहा वली यानं तो बांधला आणि १४८८ साली इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादउल्मुल्क यानं तो आणखी बळकट केला, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात.

पुढं गड नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८०३ साली दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ लढाई झाली. तिथून इंग्रज फौजा गाविलगडावर चालून आल्या. गडाच्या बहुतेक बाजूंना खोल दऱ्या. उत्तरेकडून मात्र तो एका अरुंद पट्टीनं पठाराला जोडलेला आहे. तोफा डोंगरातून ओढत त्या बाजूला नेल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढं १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच! युरोपच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस आपल्या अडगावच्या शेतांतून गेला होता, हे किती जणांना माहीत असतं?

गडावर गेलात की दरवाजे, तोफा, मशीद तर पाहाच. पण तलावही पाहा. एवढ्या उंचावर शेकडो माणसं वर्षभर राहायची, ती कशाच्या जोरावर? तटबंदी शत्रूला अडवते, पण तहान अडवत नाही. पावसाचं पाणी साठवून ठेवणारे तलाव हाच गडाचा खरा दाणागोटा. हे वाक्य लक्षात ठेवा, संध्याकाळी लागणार आहे.

दुपार : पॉइंट, रबडी आणि एक भाषा

गडावरून उतरलं की सगळे 'पॉइंट' करायला निघतात. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, मोझरी पॉइंट. पंचबोलला हाक मारली की दरीतून प्रतिध्वनी येतो, म्हणून तिथं सगळे ओरडतात. ओरडा, पण दोनदाच. नंतर पाच मिनिटं गप्प उभे राहा. हा परिसर मेळघाटचा आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. इथं वाघ आहे, अस्वल आहे, रानगवा आहे आणि रानपिंगळाही आहे. रानपिंगळा म्हणजे एक छोटंसं घुबड. १८८४ नंतर ते कोणाला सापडलंच नव्हतं, नामशेष झालं असं समजलं जात होतं. १९९७ साली ते नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा दिसलं आणि नंतर मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. ११३ वर्षं माणसाच्या नजरेआड राहिलेला पक्षी आपल्या आरोळीनं समोर येईल का? गप्प राहिलात तरच काही ऐकू येईल.

मग भूक लागते. चिखलदऱ्याची रबडी आणि खवा खाल्ल्याशिवाय कोणी परत येत नाही. इथल्या गवळ्यांची जनावरं डोंगरात चरतात, त्यांचं हे दूध. रबडी खाताना शेजारी कोणती भाषा कानावर पडते, तिकडं लक्ष द्या. ती मराठी नसेल आणि हिंदीही नसेल, तर बहुधा कोरकू असेल. कोरकू ही मेळघाटातल्या आदिवासींची भाषा. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. 'कोरकू' म्हणजे 'माणसं', इतका सरळ अर्थ. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही. इथून कितीतरी दूर, झारखंडाकडे बोलल्या जाणाऱ्या मुंडारी आणि संथाळी भाषांची ती बहीण आहे. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात. एवढा एक शब्द तरी शिकून या. मी तो फार उशिरा शिकलो.

संध्याकाळ : एक ड्रम पाणी

आता माझी चूक सांगतो.

परीक्षा आटोपल्या होत्या. एप्रिलचे शेवटचे दिवस. दोन जीपा करून सोळा मुलं-मुली आणि आम्ही दोघं शिक्षक चिखलदऱ्याला गेलो होतो. दिवस मजेत गेला. परतताना घाट लागायच्या अलीकडं एका छोट्या गावाजवळ गाड्या थांबवल्या. रस्त्याच्या कडेला एका घरासमोर पाण्यानं भरलेला निळा ड्रम होता. मुलं धुळीनं माखलेली, घामानं चिकट झालेली. कोणी तोंड धुतलं, कोणी पाय धुतले, कोणी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं. मी पाहत होतो. मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट मीही रुमाल ओला करून मानेवर ठेवला.

घरातून एक बाई बाहेर आली. हातात रिकामी गुंडी. ती काही बोलली नाही, ड्रमात वाकून पाहिलं आणि तशीच उभी राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई, चूक झाली. पोरांना कळलं नाही," मी म्हणालो. खरं तर मलाच कळलं नव्हतं.

"लेकरंच हायेत. तहान लागली असन," ती म्हणाली. मग जरा थांबून, "टँकर आता तीन दिवसांनी येते."

मी खिशातून पैसे काढले. तिनं हात मागं घेतला. "पैशाचं काय करू सर? पानी पाह्यजे."

आमच्या जीपमध्ये वीस लिटरचे दोन जार शिल्लक होते. ते ड्रमात ओतले. मुलांनी आपापल्या बाटल्या रिकाम्या केल्या. तरी ड्रम अर्धासुद्धा झाला नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दर्यापूरकडची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमच्या गावाले शहानूरचं पानी येते. ते पानी इकडचंच ना?"

या प्रश्नानं मला त्या ड्रमापेक्षा जास्त हलवलं.

पाणी जातं कुठं?

चला, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. चिखलदऱ्याच्या माथ्यावर एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात मेळघाटातल्या काही गावांना टँकर का लागतो? कारण हा प्रदेश काळ्या बेसॉल्ट खडकाचा आणि तीव्र उताराचा आहे. पाणी मुरायला वेळच मिळत नाही, ते धावत खाली जातं. डोंगराच्या उत्तरेचं पाणी सिपना, गडगा अशा नद्यांतून तापीला मिळतं. दक्षिणेचं पाणी चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांतून खाली आपल्या वऱ्हाडात उतरतं आणि पूर्णेला जातं. चंद्रभागेचा उगम तर चिखलदऱ्याच्याच परिसरात आहे. पूर्णाही शेवटी चांगदेवजवळ तापीला मिळते.

आता खालचा भाग पाहा. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथं विहीर खणली, बोअर घेतली तरी पाणी खारट लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकांनाही ते पाणी चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते प्यायलं. आज या पट्ट्यातल्या अनेक गावांना गोडं पाणी नळानं मिळतं, ते बरंचसं शहानूर, वान यांसारख्या धरणांतून. आणि ही धरणं भरतात गाविलगडच्या डोंगरातून वाहून आलेल्या पाण्यानं.

म्हणजे पाहा, जिच्या डोंगरावरचं पाणी खाली येऊन आमची तहान भागवतं, तिच्याच दारातला ड्रम आम्ही पाय धुवायला वापरला. त्या मुलीचा प्रश्न हाच होता. आम्ही स्वतःला पर्यटक समजत होतो, पण त्या डोंगराचे आम्ही देणेकरी होतो.

जरा हिशोब करू. ड्रम २०० लिटरचा धरा. घरात पाच माणसं आणि टँकर तीन दिवसांनी. २०० भागिले ५, भागिले ३. माणशी रोज साधारण १३ लिटर. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, सगळं त्यात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी ठरवलेलं प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. आणि पाय धुताना, खेळताना आपण एका वेळी किती पाणी सांडतो? घरी मग घेऊन मोजून पाहा.

बेटांवरही हेच दुखणं

आता वर्गातल्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. भूमध्य समुद्रातल्या बेटावर एका दिवसासाठी जाणारा माणूसही असाच असतो. चारही बाजूंनी पाणी, पण प्यायला गोडं पाणी नाही. माल्टा बेटावर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तिथं निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून तयार करावं लागतं. आणि गंमत अशी की पर्यटक येतात उन्हाळ्यात, म्हणजे तिथं पाऊस नसतो नेमका तेव्हाच! वहीतलं 'उन्हाळा कोरडा' हे वाक्य आता नीट कळलं का?

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाची लोकवस्ती सुमारे पंधरा हजार. तिथं मोठमोठ्या जहाजांतून एका दिवसात हजारो माणसं उतरायची आणि संध्याकाळी निघून जायची. शेवटी २०२५ पासून जहाजानं येणाऱ्यांची मर्यादा दिवसाला ८,००० ठरवावी लागली. इटलीतल्या व्हेनिस शहरानं तर २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना ५ युरो शुल्क लावलं. पर्यटक नकोत असं तिथं कोणी म्हणत नाही, लोकांची पोटं त्यावरच चालतात. पण घर आहे पाच जणांचं आणि पंगतीला पन्नास आले, तर यजमानाच्या चुलीचं काय होणार?

चिखलदरा गावाची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच हजार होती. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, ती तुम्ही पाहिली असेल. वेगळं काय आहे?

पाहुण्याची रीत

आपल्या वऱ्हाडात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं करतात. खेड्यात अजूनही ही रीत आहे. पण पाहुण्यालाही रीत असते. तो पाणी पितो, तांब्या उलटा करून अंगणात ओतत नाही. घरात माणसं किती, हे पाहून ताटात घेतो. निघताना "येतो" म्हणतो. सहलीला गेल्यावर एवढंच पाळायचं.

१. पाणी घरून भरून न्या आणि उरलेलं परत येताना सांडू नका. रस्त्याकाठचा ड्रम, हौद, हातपंप कोणाचा आहे हे विचारल्याशिवाय हात लावू नका.

२. प्लास्टिकची पिशवी, कुरकुऱ्यांचं पाकीट गाडीतच ठेवा. दरीत टाकलेलं पाकीट पहिल्या पावसात नाल्यात, तिथून नदीत आणि नदीतून धरणात जातं. म्हणजे शेवटी आपल्याच नळाच्या दिशेनं येतं.

३. माकडांना खायला घालू नका. त्यांना रस्त्यावर यायची सवय लागते आणि गाड्यांखाली मरतात.

४. रबडी, खवा, मध, रानमेवा घ्यायचा तर तिथल्या माणसाकडून घ्या. सगळं सामान घरून नेलं, तर तिथं फक्त कचरा मागं राहतो आणि पैसा राहत नाही.

५. माणसांचे फोटो विचारून काढा. कोरकू बाई डोक्यावर गुंडी घेऊन चाललेली दिसली की लगेच मोबाईल बाहेर निघतो. ती देखावा नाही, ती कामावर आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. या वेळी डिसेंबरात. त्या घरासमोर थांबलो. बाईनं ओळखलं आणि हसली. ड्रम भरलेला होता. तिनं आत जाऊन तांब्या आणला आणि मुलांना म्हणाली, "घ्या बावा, पानी प्या." मुलं माझ्याकडं पाहू लागली. मी म्हणालो, "प्या. पाहुण्यांनी नाही म्हणू नये." सगळ्यांनी दोन-दोन घोट घेतले. एक थेंबही खाली सांडला नाही. 'डा' हा शब्द तिनंच आम्हाला शिकवला.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या नळाचं पाणी कोणत्या धरणातून येतं? ते धरण कोणत्या नदीवर आहे आणि ती नदी कुठं उगम पावते? घरातल्या मोठ्यांना विचारून नकाशा काढा.

२. अमरावती साधारण ३४० मीटर उंचीवर आहे असं धरून अमरावती आणि चिखलदरा यांच्या तापमानात किती फरक पडेल, ते काढा.

३. आख्यायिका आणि इतिहास यांतला फरक चिखलदऱ्याच्या उदाहरणानं पाच-सहा ओळींत लिहा.

४. 'मी एका दिवसाचा पाहुणा' या विषयावर निबंध लिहा. अट एकच : "खूप मजा आली" हे वाक्य वापरायचं नाही. त्याऐवजी तिथल्या एका माणसाशी तुम्ही काय बोललात, ते लिहा.